घोंगडीतली वीट

आमच्या परसातल्या पडवीत जितके किस्से जमले, तितके गावातल्या पारावरही जमले नसतील. पारावरच्या माणसाला मध्येच कुणी तरी हाक मारतं, बैल सुटतात, पाऊस येतो, आणि गोष्ट अर्धी राहते. पडवीत तसं नव्हतं. कावळा शिवला की बाईनं तीन दिवस घरात पाऊल टाकायचं नाही. चुलीला, पाण्याच्या हंड्याला, घरातल्या माणसाला हात लावायचा नाही. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की मग आत. शेताला मात्र विटाळ नाही बरं का. कापूस वेचायला, शेंगा फोडायला तेच हात चालायचे. तर हात शेंगांत आणि तोंड रिकामं. अशा बाया काय करतील? बोलतील.

यावलच्या अलीकडे, केळीच्या बागांमधलं माझं सासरचं गाव. तीन घरांची परसं एकमेकांना लागून, कुंपण कधीच मोडलेलं, म्हणून पडवी तिघांत एक. कधी माझ्यासोबत थोरली जाऊ सखूबाई असायची, कधी शेजारची चंद्री. चंद्री म्हणायची, "ही आपली हक्काची रजा. सरकारी माणसालासुद्धा इतकी नेमानं मिळत नाही."

तिला ते बोलणं शोभायचं. तिचं काही दुखत नव्हतं.

माझं दुखायचं. पहिले दोन दिवस ओटीपोटात कुणी तरी दोर आवळावा तसं. कमरेतून कळ निघायची ती मांड्यांपर्यंत उतरायची. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. सासूबाईंना आम्ही जिजी म्हणायचो. जिजी घरातूनच ओरडून विचारायची, "आज शेतात येते का नाही?" आणि मी उठले नाही की म्हणायची, "आमालेही यायचे चार दिवस. मी तशी कापूस वेचायला जायची. हिचं दुखणं काम पाहून येतं."

लग्नाला वर्ष झालं तेव्हा तिनं एक दिवस सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "पोटातच काही दोष असेल तर तसं कळू दे. आखाजीपर्यंत पाहते. नाही तर आखाजीला माहेरी जाईल ती तिकडंच. आमचं माणूस घ्यायला जाणार नाही."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात त्या सणाला सगळ्या लेकी माहेरी जातात, झोके खेळतात, आणि सण झाला की सासरचं माणूस येऊन घेऊन जातं. ज्या लेकीला घ्यायला कुणी येत नाही, तिचं काय झालं हे गावाला वेगळं सांगावं लागत नाही.

हे दिवाळीआधी बोलणं झालं. आखाजीला सहा महिने होते.

*

घरात सासऱ्यांची धाकटी बहीण होती, गोदाक्का. तिचं सासर साक्रीकडचं. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली, पण बोली तिकडचीच राहिली. घरात तिचा आवाज मोठा नव्हता. जिजी बोलली की ही मान खाली घालून लसूण सोलत बसायची.

एकदा मी पडवीत कण्हत होते तर ती चार हात लांब येऊन उकिडवी बसली.

"पोरी, दुखस का?"

मी म्हटलं, "अक्का, मी काही पाप केलं असेल का?"

"पाप?" ती म्हणाली. "धुयेल लुगडं पिळं नही तर पानी निंघी का? पोट बी तसंच शे. आतलं बाहेर काढाले ते सोताले पिळस. ऊब दे, मंग ढिलं पडी."

इतकं साधं मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. आईनंसुद्धा नाही.

मग तिनं चुलीच्या कडेला एक वीट तापत ठेवली. जुन्या घोंगडीचा तुकडा त्या विटेला गुंडाळला आणि माझ्यापुढे सरकवला. म्हणाली, एका कुशीवर वळ, गुडघे पोटाशी घे आणि वीट ओटीपोटाला धर. पण आधी मनगटाला लावून पाहा. मनगटाला सोसली तर पोटाला सोसेल, चटका बसला तर थांब. तव्यावर भाजलेला ओवा आणि गुळाचा खडा दिला. सुंठेचा काढा दिला. कळ जराशी उतरली की म्हणायची, ऊठ, परसातल्या परसात दोन फेऱ्या मार.

जिजीनं हे पाहिलं आणि ती दारातून कडाडली, "ती वीट परत माझ्या चुलीपाशी आणणार का? विटाळाची?"

गोदाक्का लसूण सोलत म्हणाली, "वहिनी, लोकरले विटाळ कोठे शे? तू धाबळी नेसीसन पूजा करस ना?"

जिजीला यावर उत्तर सापडायला पुढचा महिना उजाडला. तोवर वीट घरातलीच होऊन गेली होती.

*

त्या सालात भुईमूग चांगला आला होता. जिजीनं पडवीत तीन ढीग लावून दिले, एक सखूबाईपुढे, एक चंद्रीपुढे, एक माझ्यापुढे. म्हणाली, "बसल्या बसल्या फोडा."

माझ्यानं पाच शेंगा फुटल्या नसतील. वीट पोटाशी धरून मी पडून होते. सखूबाई आणि चंद्री एकमेकींकडे बघायच्या आणि आपल्या ढिगातून उठून माझ्या ढिगात हात घालायच्या. संध्याकाळपर्यंत माझ्यापुढे दाण्यांची रास लागली. दोघींच्या पुढे निम्मंही नव्हतं.

जिजी आली, तिन्ही राशी पाहिल्या आणि माझ्याकडे बोट दाखवून आबांना, म्हणजे सासऱ्यांना म्हणाली, "पाहा. हिचं दुखत होतं म्हणे. सगळ्यांत जास्त शेंगा हिनंच फोडल्या."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. सखूबाईचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

जिजी गेल्यावर चंद्री मला म्हणाली, "तुझ्यावर दया करणंसुद्धा धोक्याचं आहे गं." पुढच्या खेपेला त्या दोघींनी माझ्या ढिगाला हात लावला नाही. तेव्हा जिजी म्हणाली, "पाहिलं? मनात असतं तेव्हा बरोबर होतं."

*

पौषातली गोष्ट. पहाटे थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघावी. गोदाक्कानं घोंगडीचा तुकडा आदल्या दिवशी धुतला होता, तो वाळला नव्हता. म्हणून तिनं वीट साध्या फडक्यात बांधली आणि ओट्यावर ठेवली, सखूबाई मागे जाताना नेईल म्हणून. त्याच ओट्यावर आबांची न्याहारी होती. कळण्याच्या भाकरी, ठेचा, तसंच फडकं, तशीच गाठ.

आबांची त्या दिवशी बागेत पाण्याची पाळी होती. अंधारात त्यांनी एक गाठोडं काखेत मारलं आणि निघाले. वाटेत भेटलेल्याला म्हणे सांगतही गेले, "आज काखेत ऊब आहे. सुना चांगल्या भेटल्या."

इकडे सखूबाईनं दुसरं गाठोडं आणून माझ्यापुढे ठेवलं. मी अर्धवट झोपेत ते पोटाशी घेतलं. ऊब होती. मऊही होतं. मला वाटलं, गोदाक्कानं आज काही नवीन शोधून काढलं. उजाडल्यावर पाहिलं तर मी तीन भाकरी पोटाला बांधून झोपलेली. ठेचा लुगड्याला लागला होता.

जिजीला सांगायची कुणाची छाती होईना. आता त्या भाकरी घरात जाणार नव्हत्या, म्हणून मी आणि चंद्रीनं खाऊन टाकल्या.

आबा दुपारी परतले. हातपाय धुतले, ओट्यावर बसले, ते गाठोडं हळूच जिजीपुढे ठेवलं आणि म्हणाले, "आज भाकरी जराशी कडक होती."

बस, इतकंच. ना रागावले, ना हसले. पण त्या दिवसापासून थंडीत पहाटे उठून चुलीपाशी वीट ते स्वतः ठेवायचे. कुणासाठी, ते बोलायचे नाहीत.

*

चंद्री एकदा मधल्याच दिवसांत पोट धरून आली. तिचं पडवीत बसणं संपून आठ-दहा दिवस होऊन गेले होते. म्हणाली, "अक्का, मलेही ती वीट द्या. हिच्या पोटाला चालते, माझ्या पोटानं काय घोडं मारलं?"

गोदाक्कानं विचारलं, कुठं दुखतं, कधीपासून, ताप आहे का, अंगावरून जास्त जातं का. चंद्री उत्तरं देत गेली तशी गोदाक्काच्या चेहऱ्यावरची रेघ बदलत गेली.

"वीट नही," ती म्हणाली. "दवाखाना."

"अहो पण..."

"त्या चार दिवसनं दुखनं माले समजस. हाई माले समजत नही. जे समजत नही त्याले मी वीट लावत नही."

चंद्रीच्या नवऱ्याला बोलावून गाडी जुंपायला लावली आणि तिला जळगावच्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरणीनं आठ दिवस ठेवून घेतली. डॉक्टरीण म्हणाली म्हणे, वेळेवर आणली. चंद्री बरी होऊन आली ती थेट आमच्या परसात, आणि पहिलं वाक्य काय तर, "अक्का, त्या विटेत काय सोनं होतं हो, ती न देण्याचा इतका हट्ट केला ते?"

गोदाक्का लसूण सोलत राहिली.

*

आता आमच्या घरधन्याची गोष्ट. माणूस अबोल. पण फाल्गुनात त्यांनी मनाशी ठरवलं की यावलच्या वैद्यांकडून माझ्यासाठी औषध आणायचं. आखाजी जवळ येत होती, ते त्यांनाही दिसत होतं.

गेले. वैद्यांच्या ओसरीवर दहा-बारा माणसं. वैद्यांनी विचारलं, "काय होतं?"

आता दहा माणसांत बायकोचं हे दुखणं कसं सांगायचं? हे म्हणाले, "पोट दुखतं."

"कोणाचं?"

"माझं."

"कधीपासून?"

"दर महिन्याला दोन दिवस."

वैद्यांनी वर पाहिलं. "दर महिन्याला?"

"हो. मग आपोआप राहतं."

ओसरीवरचं एक माणूस खोकलं. वैद्यांच्या डोळ्यांत काही हललं की नाही, हे यांनी पाहिलं नाही, कारण मान खाली होती. वैद्य म्हणाले, "कोठा साफ व्हायला हवा." आणि तिथंच वाटीभर एरंडेल पुढे केलं. "प्या. माझ्यासमोर."

हे प्याले. नाही म्हणायचं तर खरं सांगावं लागलं असतं.

निघताना वैद्यांनी एक पुडी हातात दिली आणि हळू आवाजात म्हणाले, "ही ज्याचं खरंच दुखतं त्याला द्या."

चालत घरी यायला यांना दुपारची रात्र झाली. वाटेत किती शेतांत उतरावं लागलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. पुढचे दोन दिवस ते पोट धरून आणि मीही पोट धरून. पुडी सोडली तर आत सुंठ आणि ओवा.

जिजी कपाळावर हात मारून म्हणाली, "सुनेचं दुखणं लेकाला लागलं. आता काय राहिलं?"

गोदाक्का म्हणाली, "तुले लागाचं राहिनं."

*

त्या बोलण्यानं जिजी पेटली. चैत्र लागला होता. मी पडवीत होते, सखूबाईही होती. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

"नाटक आहे ते," जिजी म्हणाली.

"वहिनी, तू तिले कधी देखं शे का?"

"पाहायला काय आहे? विटाळात कोण जाईल?"

खरंच होतं ते. जिजीचं स्वतःचं पडवीत बसणं थांबून किती तरी वर्षं झाली होती. माझं दुखणं सखूबाईनं पाहिलं, चंद्रीनं पाहिलं, गोदाक्कानं पाहिलं. ज्या बाईच्या हातात माझा निकाल होता, ती एकटीच ते दोन दिवस माझ्याजवळ येत नव्हती.

गोदाक्का म्हणाली, "घोंगडीले काय विटाळ शे?"

मग आतून पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

खानदेशातलं चैत्रातलं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. दुपारी कावळासुद्धा झाडातून बाहेर येत नाही. अशा दुपारी जिजी आबांची काळी घोंगडी डोक्यापासून पायापर्यंत पांघरून परसातून चालत आली. फक्त नाक आणि डोळे दिसत होते. सखूबाईनं तोंडात पदर कोंबला. कुत्रं उठून भुंकायला लागलं, त्याला ओळख पटेना.

जिजी माझ्यापाशी बसली. तेव्हाच कळ आली. मी जमीन नखांनी ओरबाडली. जिजीनं घोंगडीच्या आतून हात पुढे केला आणि माझ्या पोटावर ठेवला. माझं पोट दगडासारखं झालं होतं. हात तसाच राहिला. कळ उतरली, हात राहिला. दुसरी आली, चढली, उतरली, तरी हात राहिला. तिच्या नाकावरून घामाचे थेंब माझ्या लुगड्यावर पडत होते.

मग ती उठली. सखूबाईला म्हणाली, "हसतेस काय, उन्हानं मरायची वेळ आली." आणि घोंगडीला विटाळ नसतो हे माहीत असूनही विहिरीवर जाऊन दोन घागरी डोक्यावरून ओतून घेतल्या.

त्या दिवशी ती जेवली नाही. गोदाक्कानं विचारलं तर म्हणाली, "ऊन लागलं."

*

आखाजीला भाऊ न्यायला आला तेव्हा मी जिजीच्या पाया पडले. वाट पाहत होते, काही तरी बोलेल. ती म्हणाली, "नीट जा."

घ्यायला कोण येईल, ते तिनं सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही.

माझं माहेर चार कोसांवर, सातपुड्याच्या पायथ्याशी. लिंबाला झोके बांधले होते. मैत्रिणी गाणी म्हणत होत्या, मीही म्हणत होते. सण झाला. एकेकीची गाडी यायला लागली. कुणाचा दीर आला, कुणाचा सासरा. पाच दिवसांत झोक्यावर मी एकटी उरले, मग झोकाही सोडला.

आई रोज संध्याकाळी दारात उभी राहून वाटेकडे पाहायची. आठव्या दिवसापासून तिनं पाहणं सोडलं. वडील बाजाराला जाऊन आले, माझ्या सासरच्या गावचं कुणी तरी भेटलं असणारच, पण त्यांनी घरी येऊन नुसती पिशवी खुंटीला अडकवली. आईला मी दुखण्याचं सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर घ्यायला का कुणी येत नाही, हे तिला कळलं असतं.

मग माझे दिवस आले. आमच्याकडे बसायची जागा गोठ्याच्या मागे होती. दुपार टळली होती. मी गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडले होते. आई विचारत होती, काय होतंय? मी म्हणत होते, काही नाही.

बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. गाडी दाराशी थांबली.

आबा गाडी हाकत होते. मागे जिजी बसली होती. सासू सुनेला घ्यायला येते, हे आमच्या त्या भागात कुणी पाहिलं नव्हतं. शेजारच्या बाया ओट्यावर आल्या. आईची धांदल उडाली, पाणी आणू की बसायला घोंगडी टाकू. जिजी बसलीच नाही. मांडीवरचं गाठोडं छातीशी धरून उभी राहिली.

"कुठं आहे?"

आई खाली मान घालून म्हणाली, "विहीणबाई, ती शिवायची नाही आज. गोठ्यामागं बसली आहे."

"ठाऊक आहे," जिजी म्हणाली. "म्हणून तर आज आले."

"पण मग नेणार कशी? तीन दिवस..."

"थांबते की. चौथ्या दिवशी न्हाली की नेते."

आबा बैल सोडत होते. ते म्हणाले, "मला कुणी विचारलं नाही, पण मग मीही थांबतो."

जिजी गोठ्यामागे आली. माझ्यापासून हातभर अंतरावर ते गाठोडं जमिनीवर ठेवलं आणि बोटानं पुढे सरकवलं. काळ्या घोंगडीचा तुकडा होता, चारी बाजूंनी घट्ट दुमडलेला.

"घे," म्हणाली. आणि वळून आईला विचारायला लागली, "सुंठ आहे का घरात? नाही तर मी आणली आहे."

चार कोसांची वाट, त्यात बैलांची चाल. सकाळीच निघाले असणार. मी घोंगडीच्या घड्या सोडल्या आणि गोदाक्कानं शिकवलं होतं तसं मनगट विटेला लावून पाहिलं. चटका बसला; वाटेत कुणाच्या तरी चुलीवर जिजीनं ती पुन्हा तापवून घेतली असणार.

अजून थोडं थांबावं लागणार होतं.